गोळी घेतलीस का?

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझं वजन सहा किलोनी उतरलं आणि ऑफिसातल्या बायका डाएट विचारायला लागल्या. मी काहीच करत नव्हते, उलट डबा संपवून वर कॅन्टीनचा वडापाव हाणत होते. पण हात थरथरायचे, एसीत बसून घाम यायचा, रात्री उशीवर कान टेकला की स्वतःचीच धडधड ऐकू यायची. शेवटी नवऱ्याने परस्पर नंबर लावला. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटांवर एक कोरा कागद ठेवला, तो कागद पिंपळाच्या पानासारखा हलायला लागला. मग पाण्याचा घोट गिळायला सांगून गळा चाचपला आणि लिहिता लिहिता विचारलं, "चिडचिड वाढलीय का हल्ली?"

मी म्हटलं, "डॉक्टर, देशाची परिस्थितीच तशी आहे."

नवरा फिस्सकन हसला. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं.

रिपोर्ट आला, टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हॉर्मोन, ०.०१, जवळजवळ नाहीच. थायरॉईड स्वतःच सुसाट सुटला की ते असं उतरतं. थायरॉईड म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना वजन वाढणारा, सुस्ती आणणारा माहिती असतो, माझा उलटा होता. ग्रेव्हज डिसीज. शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉईडला ढुशा देत राहते आणि ती ग्रंथी बिचारी गरजेपेक्षा जास्त हॉर्मोन सोडत सुटते, सगळं इंजिन रेस केल्यासारखं. ते हॉर्मोन आवरायला कार्बिमाझोल सुरू झालं, आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल. दीड-दोन महिन्यांनी एका संध्याकाळी सिग्नलला रिक्षात बसले होते, शेजारचा बाईकवाला उगाच हॉर्न वाजवत होता, आणि माझ्या लक्षात आलं की मला त्याचा काहीच राग येत नाहीये. आधीच्या सहा महिन्यांत मी त्याच्या सात पिढ्या मनातल्या मनात उद्धरल्या असत्या.

त्या रात्री मी एक आगाऊपणा केला. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या सहा महिन्यांत मी काय काय लिहिलंय ते वरपासून खाली वाचून काढलं. निवडणुकीचे दिवस, त्यामुळे माल भरपूर होता. एका संध्याकाळी तर मी सलग बावीस मेसेज टाकलेले, मधे कोणी एक अक्षर बोललेलं नाही, एका आत्याने फक्त सुप्रभातचं फूल टाकलं आणि मी त्या फुलावर पण तुटून पडले होते. वाचताना कान गरम झाले. गंमत म्हणजे त्यातली बहुतेक मतं अजून माझीच होती. शाळेत कुठल्याच धर्माची प्रार्थना नको, हे मला आजही वाटतं. नदीच्या पूररेषेत बांधकामाला परवानगी देणाऱ्याला जबाबदार धरलं पाहिजे हे तर वाटतंच, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी बघितलेल्या कुणालाही वाटेल. मतं तीच, पण लिहिणारी बाई कोण होती कळेना.

दोन मतं मात्र सापडेनात. म्हणजे ग्रुपवर होती, माझ्यात नव्हती. एक, जे मतदान करत नाहीत त्यांचं रेशन बंद करा. दुसरं, देव मानणारा माणूस डोक्याने अर्धवट असतो. हे मी त्या ग्रुपवर लिहिलं होतं ज्यावर माझी आई आहे, जी रोज सकाळी आंघोळ करून दोन मिनिटांत पूजा उरकते आणि चहा ठेवते. तिने त्याखाली लिहिलं होतं, "जेवलीस का".

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात किडा होऊन बसलाय. माझी मतं माझी किती आणि माझ्या गळ्यातल्या त्या फुलपाखराच्या आकाराच्या ग्रंथीची किती? आणि आजारी नसलेल्या माणसाचं काय, त्याचा स्वभाव हा पण एक कायमचाच रिपोर्ट नाही का?

प्रोप्रॅनोलॉलबद्दल वाचताना एक प्रयोग सापडला. २०१२ साली ऑक्सफर्डमध्ये छत्तीस गोऱ्या लोकांना घेतलं, निम्म्यांना या गोळीचा एकच ४० मिलिग्रॅमचा डोस दिला, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. मग काळ्या लोकांबद्दल मनात नकळत किती अढी आहे हे मोजणारी टेस्ट घेतली. गोळीवाल्यांची ती नकळतची अढी कमी निघाली. पण उघड उघड विचारलं तेव्हाची मतं? त्यात काही फरक नाही. छत्तीस माणसं म्हणजे काही फार नाहीत, आमच्या सोसायटीच्या मीटिंगला जास्त असतात, तेव्हा यावर मी इमले बांधणार नाही. पण वाचून मला माझा ग्रुप आठवला. मत जिथल्या तिथे, धग तेवढी कमी.

(जाता जाता, अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनाही हाच आजार होता. १९९१ च्या मे महिन्यात, आखाती युद्ध संपून दोन-तीन महिने झाले असतील, जॉगिंग करताना हृदयाचे ठोके चुकले आणि तपासात ग्रेव्हज निघाला. बायको बार्बराला आधीच होता. घरातली कुत्री, तिलाही कसलातरी प्रतिकारशक्तीचाच आजार होता म्हणे. मी निदान व्हॉट्सअॅपवरच युद्ध केलं.)

आता खरं म्हणजे हा प्रश्न माझ्या थायरॉईडपेक्षा बराच जुना आहे, आमच्या घरात तो माझ्या जन्माआधीपासून जेवायला बसायचा.

मी इचलकरंजीची. घर मागे आणि माग पुढे. ज्यांचं लहानपण यंत्रमागाच्या खडखडाटात गेलंय त्यांना माहितीय, आम्हाला आवाजाने जाग येत नाही, आवाज थांबला की येते. रात्री दोनला लाईट गेली आणि माग बंद पडले की घरातली सगळी पोरं एकदम उठून बसायची. अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, आठ माग. ते खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याकडून सूत आणायचं, त्याचं कापड विणून द्यायचं आणि मीटरमागे मजुरी घ्यायची, ना धड मालक ना धड कामगार. अण्णा माळकरी. गळ्यात तुळशीमाळ, पहाटे चारला उठून ज्ञानेश्वरी, आषाढीला पंढरपूर. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, बापूकाका, दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता, नंतर पूर्णवेळ लाल बावट्याचं काम करायला लागला. देव नाही, धर्म नाही, लग्न रजिस्टर. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवायचे दोघं.

मजुरीवरून संप झाला की काका मोर्चा घेऊन गल्लीगल्लीतले माग बंद करत यायचा, त्यात आमचेही आठ बंद व्हायचे. मी पाचवीत असतानाचं मला लख्ख आठवतंय. दुपारी काकाने येऊन स्वतः स्विच पाडला, अण्णा दारात उभे होते, दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. आणि रात्री दोघं शेजारी शेजारी पाटावर. आई भाकरी वाढतेय. माग बंद म्हणून घरात ती भयाण शांतता.

काका म्हणाला, "दादा, तू कामगाराचं रगत पितोस असं मी म्हणत न्हाई. पर पिणाऱ्याच्या पंगतीला बसतोस."

अण्णा म्हणाले, "आठ माग हायत माझे, आठ. टाटा न्हाई मी."

आमच्या गावात सगळेच मोठ्याने बोलतात, मागाच्या वरताण बोलायची सवय, त्यामुळे कोण रागावलंय हे आवाजावरून कळत नाही. हातावरून कळतं. अण्णा रागावले की भाकरी मोडायचे थांबायचे आणि ताटाच्या कडेला वाढलेलं मीठ तर्जनीने पसरत बसायचे, अगदी हळू, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, पार पांढरा पट्टा होईपर्यंत. त्या रात्री मी बघितलं, शेजारच्या ताटात काकाचं बोट तेच करत होतं. दोन ताटांत दोन पांढरे पट्टे. आई मला म्हणाली, "बघत काय बसलीस, पाणी दे त्यांना. दोघांनाबी पाणी मागायचं सुचत न्हाई."

लहानपणी मला वाटायचं की हे दोघं एकमेकांचे उलटे आहेत. देव आणि नास्तिक, मालक आणि युनियन, पांढरी टोपी आणि लाल झेंडा. चाळिशी ओलांडल्यावर कळलं, सारखेच होते हो. दोघंही चारला उठायचे, एक ओव्या वाचायला आणि एक पत्रकं लिहायला. दोघांच्या वह्यांत पैपैचा हिशोब. दोघांनी कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही. माळ घातली तेव्हा अण्णांचं मटण सुटलं, राग सुटला नाही, आणि काकाला समतेचं राज्य आणायचं होतं पण घरात त्याच्या पेनाला कुणी हात लावलेला चालायचा नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांचा खरा संताप समोरच्या बाजूवर नव्हताच. अण्णा काकावर चिडायचे त्याच्या दसपट चिडायचे माळ घालून गुपचूप मटण खाणाऱ्यांवर. काकाने व्यापाऱ्यांना जेवढ्या शिव्या दिल्या नसतील तेवढ्या युनियनची पावती फाडून मालकाच्या पोराच्या वाढदिवसाला केक कापायला जाणाऱ्यांना दिल्या. कोमट माणूस दोघांनाही सहन व्हायचा नाही. श्रद्धा कशावर आहे हे वेगळं होतं, श्रद्धा धरायची मूठ एकच.

आणि आई? आई त्यांच्याच घरात राहून त्यातली नव्हती. तिची पूजा दोन मिनिटांची, तिचं मत कुणाला ते तिने आजवर नवऱ्याला, दिराला, पोरांना कुणालाच सांगितलेलं नाही. "पेटीत टाकलंय, आता कशाला काढायचं," म्हणायची. मशीन आल्यावरही पेटीच म्हणते.

माझा नमुना आणखी तिसरा. मी भित्री. सहावी-सातवीत रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणायचे आणि मधे एखादा शब्द अडखळला की परत पहिल्यापासून, नाहीतर घरातलं कुणीतरी मरेल असं वाटायचं. कधी कधी अकरा वेळा व्हायची, आई हाका मारून दमायची. मग कोल्हापुरात कॉलेजला आले, वाचायला लागले, काकाच्या कपाटातली पुस्तकं लागली हाताला आणि एका वर्षात देव सुटला. केवढं मोकळं वाटलं म्हणून सांगू, तीन आठवडे. मग रात्री झोप लागेना, की देव नाही याचा माझा युक्तिवाद पक्का आहे ना? कुणी असं विचारलं तर काय उत्तर? आणि तसं विचारलं तर? तो सगळा युक्तिवाद मी अंथरुणात पडून पहिल्यापासून म्हणायचे आणि मधे कुठे अडखळलं की परत पहिल्यापासून. रामरक्षा गेली, तिची जागा तिच्याच चालीवर दुसऱ्या कशाने तरी घेतली होती. हे माझ्या लक्षात यायला पंचवीस वर्षं लागली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स १९०७ च्या सुमारास म्हणून गेला की तत्त्वज्ञानाचा इतिहास हा बऱ्यापैकी माणसांच्या स्वभावांच्या टकरीचा इतिहास आहे, फक्त तत्त्वज्ञ मंडळी ते कबूल करत नाहीत. तो स्वतः तरुणपणी नैराश्याने पार खचला होता आणि १८७० साली त्याने डायरीत लिहून ठेवलं की माझं स्वतंत्र इच्छेचं पहिलं कृत्य म्हणजे स्वतंत्र इच्छेवर विश्वास ठेवणं. म्हणजे बुडणाऱ्या माणसाने आधी फळी धरली आणि मग ती फळी खरी कशी ते आयुष्यभर जगाला समजावलं. मला हा माणूस आवडतो. निदान त्याने फळी लपवली नाही.

आपल्याकडे हे जास्त जुनं आहे. अण्णा गीतेच्या सतराव्या अध्यायावर बोलायला लागले की थांबायचे नाहीत. अर्जुन विचारतो शास्त्र बाजूला ठेवून पण श्रद्धेने जे पूजा करतात त्यांचं काय, आणि कृष्ण सांगतो की श्रद्धा तीन प्रकारची, "सा स्वभावजा", म्हणजे ती स्वभावातूनच येते. सात्त्विक देवांना भजतात, राजस यक्ष-राक्षसांना, तामस भुताखेतांना. पुढे लगेच कुणाला कुठलं जेवण आवडतं तेही येतं, आणि त्यात आंबट, खारट, अति उष्ण, तिखट, जळजळ करणारं ते सगळं राजस. अण्णा हे खर्डा-भाकरी खात सांगायचे. काका म्हणायचा, "मग दादा तू राक्षसाची पूजा करालयस की." अण्णा मीठ पसरायला लागायचे.

पण गीतेतली ती विभागणी, म्हणजे स्वभाव तसा देव, मला आमच्या घरात लागू पडलेली दिसली नाही. स्वभाव तोच आणि एकाला पांडुरंग, एकाला मार्क्स. म्हणून मला टिळक-आगरकर फार जवळचे वाटतात. लोक त्यांना दोन टोकं म्हणून शिकवतात, शाळेत आम्हालाही 'आधी राजकीय की आधी सामाजिक' असा दहा मार्कांचा प्रश्न असायचा. पण बघा ना, दोघंही १८५६ च्या जुलैमध्ये जन्मलेले, नऊ दिवसांचं अंतर. डेक्कन कॉलेजात दोस्ती. सरकारी नोकरीला लाथ मारून शाळा काढायचं वेड दोघांना. १८८२ ला कोल्हापूरच्या दिवाणावर केसरी-मराठात लिहिल्याबद्दल अब्रुनुकसानीचा खटला, आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र. माघार, पडतं घेणं, मधला मार्ग यातलं काही दोघांच्याही रक्तात नव्हतं. मग भांडले तेही तसेच. आगरकर केसरीतून बाहेर पडले, १८८८ ला सुधारक काढलं. संमतिवयाच्या कायद्यावर एक या बाजूला, दुसरा त्या बाजूला. आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली लोकांनी. दम्याने ते १८९५ ला गेले, एकोणचाळीस वर्षांचेही पुरे नव्हते. स्वभाव मोजायचं एखादं यंत्र असतं तर या दोघांच्या आलेखात किती फरक निघाला असता? मला नाही वाटत फार निघाला असता. फरक बघायचा तर त्यांच्या शेजारी न्यायमूर्ती रानडे ठेवून बघा, सुधारणा आगरकरांसारखीच हवी, पण सावकाश, सांभाळून, प्रार्थना करत करत. म्हणजे मतांच्या बाकावर आगरकर रानड्यांशेजारी बसतात आणि स्वभावाच्या बाकावर टिळकांशेजारी.

शास्त्रज्ञांनी अर्थातच याच्या उलट, म्हणजे स्वभावावरून बाक ओळखायचा बराच प्रयत्न केलाय. त्यातला एक तर फारच गाजला. २००८ साली अमेरिकेत नेब्रास्कामध्ये ठाम राजकीय मतं असलेली शेहेचाळीस माणसं घेतली, त्यांना चेहऱ्यावर भलामोठा कोळी बसलाय वगैरे फोटो दाखवले, मधेच कानात धाडकन आवाज केला, आणि घाम किती येतो, पापणी किती जोरात मिटते ते मोजलं. जास्त दचकणाऱ्यांचा कल संरक्षण खर्च, फाशीची शिक्षा अशा गोष्टींकडे निघाला. झालं, उजवे भित्रे असतात हे सिद्ध झालं म्हणून डाव्यांनी वर्षानुवर्षं चघळलं, मीही चघळलंय, काकाला फोन करून सांगितलंय. २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग परत केला तर तसं काही सापडलंच नाही. ही बातमी मला कुणी फॉरवर्ड केली नाही. आणि याहून भारी म्हणजे २०१२ चा एक पेपर होता, व्यक्तिमत्त्व आणि राजकीय मतं यांच्यावरचा, त्यात चार वर्षांनी दुरुस्ती छापावी लागली की डावे-उजवे यांची नोंदच उलटी झाली होती, म्हणजे जे दोष उजव्यांच्या पदरात टाकले ते आकड्यांप्रमाणे डाव्यांच्या पदरात होते. मला तर हे वाचून आमच्या कारखान्यातला नवा पोऱ्या आठवला, ज्याने एकदा अख्खं बीम, म्हणजे मागावरचा सुताचा रूळ, उलटं लावलं होतं.

अगदीच काही हाती लागत नाही असंही नाही. नव्या अनुभवांची आवड असलेली माणसं थोडी उदारमतवादाकडे झुकतात, नीटनेटकी आणि शिस्तीची माणसं थोडी परंपरेकडे, हे पाश्चात्त्य देशांत बऱ्याचदा दिसलंय. पण थोडी. आणि आमच्या घरात शिस्तीचा कहर माणूस कम्युनिस्ट होता, सगळ्यात भित्री मी डावीकडे, आणि कशालाच न घाबरणारी आई देवाला हात जोडते. कोळी दाखवला तर आई चप्पल घेऊन येईल. आता अडीच माणसांवरून संशोधन खोडता येत नाही हे मला कळतं. पण ज्या अडीच माणसांत मी वाढले ती मी विसरू कशी?

इथपर्यंत आले आणि दिवाळीला गावी गेल्यावर ही सगळी थियरी मी काकाला ऐकवली. काका आता चौऱ्याहत्तरचा आहे, गुडघे गेलेत, बाकी तसाच. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे माझा मार्क्सवाद पित्त व्हय?"

मी म्हटलं तसं नाही काका, मत तुमचं विचारानेच आलंय, मी फक्त ते तुम्ही कसं धरता त्याबद्दल बोलतेय. तो म्हणाला, "संप पोटासाठी झाला, पोरी. मी तापट हाय म्हणून न्हाई." आणि उठून गेला. उठताना ताटातलं मीठ पसरलेलं होतं हे मी बघितलं, पण त्याचं म्हणणंही मला ऐकू आलं होतं. मजुरी कमी होती. ती तापट माणसालाही कमी दिसत होती आणि थंड माणसालाही, फक्त थंड माणूस बोलला नाही.

मग मला जरा स्वतःचीच लाज वाटायला लागली, कारण हे हत्यार बायकांवर किती वेळा चालवलं गेलंय ते मलाच माहिती असायला हवं होतं. घरात, ऑफिसात, मीटिंगमध्ये, बाई जरा चढ्या आवाजात बोलली की हिचे ते दिवस आहेत वाटतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ ला 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, तेही कशावरून तर सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला मूल मारलं म्हणून फाशी सुनावली आणि वर्तमानपत्रवाले समस्त स्त्रीजातीला नावं ठेवायला लागले म्हणून. ते पुस्तक पहिल्या पानापासून पेटलेलं आहे. त्यांना टोमणे मारले गेले, बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी. ताराबाईंचं पुन्हा काही छापून आलेलं नाही. आता कुणी म्हणेल, तापट बाई होत्या. असतील. पण दुसऱ्या किती बायकांनी तीच बातमी वाचली आणि शांतपणे पान उलटलं असेल? कधीकधी तापट माणसालाच कमी-जास्त दिसतं, जसं ताप आलेल्याला गार वारा आधी कळतो. मग ताप मतात शिरला म्हणून मत खोटं का म्हणायचं?

म्हणजे मी माझ्याच थियरीत अडकले. रेशन बंद करा हे माझ्या थायरॉईडचं मत होतं, आणि पूररेषेचं मत माझं, हे मी ठरवलं कशावरून? तर एक टिकलं आणि एक गेलं यावरून. पण टिकतं ते खरंच असतं असंही नाही, आईच्या भावाचं एक मत चाळीस वर्षं टिकलंय, ते इथे लिहिता येणार नाही. आणि कार्बिमाझोलवरची मी हीच खरी मी, आणि त्याआधीची कुणी परकी बाई, हे तरी कुणी सांगितलं? डॉक्टर म्हणतात नॉर्मल. नॉर्मल म्हणजे टीएसएच ०.४ ते ४ च्या मधे कुठेतरी, साधारण.

अण्णा २०१६ ला गेले. माग चालवणारं कुणी नव्हतं, जुने साधे माग कुणी घेतही नाही आता, भंगारात किलोवर जातात. टेम्पो आला त्या दिवशी मी रजा काढून गेले होते. भंगारवाला पटापट तोडून काट्यावर टाकत होता आणि काका, ज्याने हे माग आयुष्यात किती वेळा स्वतःच्या हाताने बंद केले असतील, काठी टेकत काट्याशेजारी उभा राहून वजनावरून हुज्जत घालत होता. भंगारवाला म्हणाला आजोबा, लोखंड गंजलंय, एवढं काय त्यात. काका ओरडला, "आठ माग हायत आमचे, आठ." शब्द न् शब्द तोच. माझ्याशिवाय कुणाला ते कळलं नाही, कळलं असेल तर आईला, ती आत निघून गेली.

दिवाळीतल्या त्या बोलण्यापासून काकाला नवा चाळा लागलाय. फोनवर कुठल्याही विषयावर माझं त्याच्याशी वाजलं, वीज सवलत असो, गावातल्या मंडळांच्या डीजेचा आवाज असो, की तो मधेच थांबतो आणि अगदी काळजीच्या सुरात विचारतो, "गोळी घेतलीस का?" पहिल्या दोन-तीन वेळा मी फोन आपटला. नंतर हसायला यायला लागलं.

गेल्या आठवड्यात परत वाजलं. आईला ताईने आणि मी मिळून काय सांगावं आणि काय सांगू नये यावरून सुरू झालं आणि कसं कोण जाणे वारीवर आलं. काका म्हणाला वारी म्हणजे कामगाराचा महिनाभराचा खाडा. मी, जिने त्या ग्रुपवर आईसमोर ते वाक्य लिहिलं होतं, मी म्हणाले की काका, अण्णा चालायचे ना, त्या महिन्यात ते एकदाही रागावले नाहीत, मी बघितलंय, त्याचा हिशोब तुम्ही कधी मांडणार? माझा आवाज चढला होता. मी बोलता बोलता मनगटावर दोन बोटं ठेवली, सवय लागलीय, घड्याळाकडे बघून मोजले, अठ्ठ्याहत्तर.

पलीकडे जरा वेळ शांत. मग, "गोळी घेतलीस का?"

"घेतली, काका. सकाळीच."

"बरं," काका म्हणाला. "मग बोल. काय म्हणत होतीस दादाबद्दल?"